चार एजंट, एक रेपो: कोड लिहून घेण्याआधी कामाची वाटणी

फेब्रुवारी २०२५ मध्ये अँथ्रॉपिकचं क्लॉड कोड आलं, एप्रिलमध्ये ओपनएआयचं कोडेक्स टर्मिनलवर आलं आणि जूनमध्ये गुगलचं जेमिनी सीएलआय. तिघांची जात एकच: तुमच्या फोल्डरमधल्या फाइली वाचायच्या, बदलायच्या, कमांड चालवून बघायच्या आणि चुकलं की पुन्हा हात घालायचा. असा एक एजंट, म्हणजे स्वतः काम करणारा एआय सहाय्यक, नीट चालला की दुसरं टर्मिनल उघडायचा मोह होतोच. मग तिसरं. तासाभरात एकाने लिहिलेलं दुसऱ्याने पुसलेलं असतं, आणि नेमकं कोणी काय केलं हे शोधायला संध्याकाळ जाते.

नाशकात दोन-चार माणसांची सॉफ्टवेअरची दुकानं पुष्कळ आहेत. कोणी गंगापूर रोडला फ्लॅटच्या एका खोलीत, कोणी अंबडला गाळ्यात. माझंही त्यातलंच. अशा ठिकाणी मोठं काम आलं की माणसं कमी पडतात, म्हणून एजंटांचा आधार वाटतो. हा लेख त्यांच्यासाठी. गिटमध्ये ब्रांच काढणं, मर्ज करणं, कॉन्फ्लिक्ट सोडवणं हाताला बसलेलं असेल तरच पुढे वाचा. नसेल तर आधी काही दिवस एकाच एजंटबरोबर काम करा, घाई नाही.

उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो: लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यासाठीचं, म्हणजे लिलावातला माल उतरवून ट्रकमध्ये भरायच्या जागेसाठीचं, सॉफ्टवेअर. लिलावातली खरेदी, वजनकाट्याची नोंद, शेतकऱ्याची हिशोबपट्टी, भरून गेलेले ट्रक, आणि शेठना संध्याकाळी लागणारा दिवसाचा गोषवारा. ऐकायला सोपं, आत गेलं की भरपूर खाचखळगे.

एजंट किती लावायचे हा प्रश्न नंतरचा. त्यांना एकमेकांशी बोलायची गरजच पडू नये अशी वाटणी करता येते का, हे आधी बघा. जमली तर चार एजंट सुखाने चालतात. नाही जमली तर दोनही जड जातात.

## १. आधी हाताशी काय हवं

- गिट, २.५ किंवा त्यापुढची आवृत्ती. वर्कट्रीची (एकाच रेपोच्या प्रत्येक ब्रांचला वेगळं फोल्डर) सोय २०१५ मध्ये या आवृत्तीत आली आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आजच्या कुठल्याही मशीनवर ती असतेच, तरी क्लायंटच्या जुन्या सर्व्हरवर काम करणार असाल तर तपासून घ्या.
- एका कमांडने चालणाऱ्या टेस्ट. 'आधी हे चालव, मग ते, मग ती फाइल उघडून बघ' असं असेल तर एजंट अर्ध्यावर सोडून 'झालं' म्हणतो.
- मेन ब्रांचवर कुलूप. थेट पुश बंद. टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय मर्ज होणार नाही अशी सीआयची (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेची) सोय.
- खर्चाची मर्यादा. बिल डॉलरमध्ये येत असेल तर कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. ते सुरू करतानाच महिन्याची वरची मर्यादाही घाला. प्रत्येक एजंट तीच फाइल आपापली वाचतो, म्हणजे चार एजंट लावले की वाचनाचाच खर्च चौपट. वापरानुसार बिल असेल तर पहिल्या आठवड्यात रोज आकडा बघा.
- क्लायंटची लेखी संमती. कोड बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर वाचला जाणार, हे त्याला माहीत असू द्या. चार ओळींचा ईमेल पुरतो, पण हवा.
- खोटा डेटा. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, बँक खाती असलेला खरा बॅकअप एजंटच्या फोल्डरमध्ये ठेवायचाच नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे आणि 'मशीनने वाचला, मी नाही' ही सबब ऐकायला बरी वाटत नाही.
- इन्व्हर्टर. हसू नका. चार एजंट मध्यावर असताना वीज गेली की कोण कुठपर्यंत आला होता हे शोधणं हा स्वतंत्र उद्योग होतो.

## २. काम फोडा, पण पाया एकाच हाताने घाला

कागद घ्या. खरोखरचा कागद. त्यावर चौकोन काढा: लिलाव, वजन, पट्टी, ट्रक, गोषवारा. आता कुठला चौकोन कोणाकडून काय घेतो, याचे बाण काढा. पट्टीला लिलावाचा भाव आणि काट्याचं वजन लागतं. गोषवाऱ्याला सगळंच लागतं. ट्रकला पट्टीशी देणंघेणं नाही, त्याला फक्त खळ्यावर किती माल आहे ते कळलं की झालं.

ज्या दोन चौकोनांत बाण नाही ते एकाच वेळी दोन एजंटांना देता येतात. बाण असेल तर तो बाण म्हणजे नेमकं काय, हे आधी लिहून काढावं लागतं. त्याबद्दल पुढच्या पायरीत. आणि जिथे सगळे बाण येऊन मिळतात, म्हणजे आपला गोषवारा, ते काम शेवटी ठेवा. ते लवकर सुरू करून काही मिळत नाही. रोज काहीतरी बदलतं आणि एजंट रोज नव्याने लिहीत बसतो.

डेटाबेसची रचना, लॉगिन, फोल्डरांची मांडणी, एरर कशी दाखवायची, हा पाया एकाच एजंटकडून, तुमच्या नजरेखाली, आधी पूर्ण करून घ्या. नवी माणसं हीच पायरी गाळतात, कारण इथे वेग दिसत नाही. मग तीन एजंट तीन तऱ्हेचं लॉगिन लिहितात, तिन्ही चालतात, आणि निवड करून दोन फेकून द्यायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

वाटणी बरोबर झाली का, याची सोपी परीक्षा: प्रत्येक कामात कुठल्या फाइलींना हात लागेल याची यादी करा. दोन याद्यांत एक-दोनहून जास्त नावं सारखी निघाली तर ती दोन कामं नाहीत, एकच काम आहे. एकालाच द्या.

## ३. करार लिहा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा.

समजा एका एजंटला वजनकाट्याचा भाग दिला, दुसऱ्याला पट्टीचा. दोघांनाही सांगितलं, 'वजन' नावाचं एक मूल्य एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. भरलेल्या ट्रॉलीचं वजन वजा रिकाम्या ट्रॉलीचं, उरलं ते निव्वळ: २,३४० किलो. बाजार समितीत भाव क्विंटलवर बोलला जातो, म्हणून पहिल्या एजंटने शहाणपणाने २३.४० क्विंटल करून पाठवलं. दुसऱ्याच्या डोक्यात वजनकाटा म्हणजे किलो, म्हणून त्याने आलेल्या आकड्याला शंभराने भागलं. भाव १,८५० रुपये. शेतकऱ्याला मिळायला हवेत ४३,२९० रुपये, पट्टीवर येतात ४३२ रुपये ९० पैसे. पहिल्याच्या टेस्ट हिरव्या. दुसऱ्याच्याही हिरव्या, कारण टेस्टमधला नमुना डेटा त्याने स्वतःच बनवला आणि तो किलोतच होता.

माणसं असती तर एकाने दुसऱ्याला चहाला विचारलं असतं, 'किलो की क्विंटल?' एजंट विचारत नाही. त्याला जे सर्वांत संभाव्य वाटतं ते धरून तो पुढे जातो, आणि दोघांचं 'संभाव्य' वेगळं असू शकतं. म्हणून करार. रेपोमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्याला हात लावायचा हक्क फक्त तुमचा. आमच्या करारातला पट्टीचा भाग साधारण असा असतो:

> वजन नेहमी किलोत, पूर्णांक. नावातच एकक: 'वजन_किलो'.
> भाव प्रति क्विंटल, पैशांत, पूर्णांक. दशांश अपूर्णांक कुठेही नाही.
> रक्कम = वजन_किलो × भाव ÷ १००. रुपयात रूपांतर फक्त पट्टी छापताना.
> पूर्ण रुपयात आणणं एकदाच, अगदी शेवटी. ५० पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया.
> हमाली, तोलाईचे दर सेटिंगमधून. कोडमध्ये आकडा लिहायचा नाही.
> शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत वजा करायची नाही.

शेवटची ओळ मुद्दाम दाखवतो आहे. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते. 'बाजार समितीची पट्टी तयार कर' एवढंच सांगितलं तर एजंट हमाली-तोलाईच्या रांगेत आडतही आत्मविश्वासाने वजा करू शकतो. जुन्या माहितीत तसंच लिहिलेलं आहे, त्याचा तरी काय दोष. असे नियम खळ्यावरच्या मुनीमजींना माहीत असतात, तुम्हाला अर्धे माहीत असतात आणि एजंटला तुम्ही सांगाल तेवढेच. लासलगावला जाऊन मुनीमजींच्या शेजारी दिवसभर बसा. हमालीचा दर कशावर ठरतो, कांदा खराब निघाला तर पट्टीत काय लिहितात, एकाच ट्रॉलीत दोन भावांचा माल असेल तर काय करतात, हे विचारून घ्या. प्रत्येक उत्तराची करारात एक ओळ होते.

करारात शब्दांचीही एक यादी ठेवा. कोडमधली नावं रोमन अक्षरांत असतात आणि 'तोलाई' एक एजंट एक 'ए' घालून लिहितो, दुसरा दोन घालून, तिसरा थेट इंग्रजी करून मोकळा होतो. महिन्याभराने शोधायला गेलं की एकाच गोष्टीची तीन नावं सापडतात. नाव एकदा ठरवा, यादीत टाका.

## ४. प्रत्येक एजंटला कामाची चिठ्ठी

रेपोच्या मुळाशी सूचनांची फाइल असते. कोडेक्स एजंट्स.एमडी वाचतो, क्लॉड कोड क्लॉड.एमडी वाचतो, जेमिनी जेमिनी.एमडी. तीन साधनं वापरणार असाल तर खरा मजकूर एकाच फाइलीत ठेवा आणि बाकीच्या दोनमध्ये 'ती फाइल वाच' एवढंच लिहा. तीन प्रती ठेवल्या की आठवड्याभरात तिन्ही वेगळ्या बोलतात.

ही फाइल लहान ठेवा. प्रोजेक्ट कसा चालवायचा, टेस्ट कशा चालवायच्या, करार कुठे आहे, कशाला हात लावायचा नाही. बस. 'स्वच्छ आणि दर्जेदार कोड लिही' असल्या ओळींनी काही होत नाही, जागा मात्र जाते.

कामाची चिठ्ठी वेगळी, प्रत्येक कामाला एक:

> काम: हिशोबपट्टीची गणना.
> हात लावायचा: पट्टी फोल्डर आणि त्याच्या टेस्ट.
> हात लावायचा नाही: करार, मायग्रेशन (टेबलं बदलणाऱ्या फाइली), सेटिंग, लॉकफाइल (पॅकेजच्या आवृत्त्यांची नोंद).
> झालं कधी म्हणायचं: नमुना फोल्डरमधल्या सगळ्या पट्ट्या रुपयाला रुपया जुळल्या की.
> अडलं तर: अंदाज करू नको. थांब आणि प्रश्न.एमडीमध्ये लिही.

शेवटच्या ओळीचा गुण येतो. प्रश्न लिहायला जागा दिली की एजंट खरंच लिहितात. जागा नसेल तर अंदाज करतात.

सूचना मराठीत लिहिल्या तरी एजंटला कळतात. पण देवनागरी मजकुराला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) जास्त लागतात आणि चुकांचे संदेश, फाइलींची नावं इंग्रजीतच असतात, म्हणून मी तांत्रिक भाग इंग्रजीत आणि व्यवहाराचे नियम मराठीत लिहितो. नियमांचं भाषांतर करताना काहीतरी सांडतंच.

## ५. प्रत्येकाला वेगळी खोली: वर्कट्री

एकाच फोल्डरमध्ये दोन एजंट कधीही सोडू नका. एक टेस्ट चालवतो तेव्हा दुसऱ्याची फाइल अर्धी लिहिलेली असते, टेस्ट लाल होते, आणि पहिला बिचारा दुसऱ्याची अर्धवट फाइल 'दुरुस्त' करायला लागतो.

गिटची वर्कट्री यासाठीच आहे. 'गिट वर्कट्री ॲड', पुढे फोल्डरचं नाव आणि ब्रांच. रेपोचा इतिहास एकच राहतो, पण प्रत्येक ब्रांचला स्वतःचं फोल्डर मिळतं. एकच ब्रांच दोन वर्कट्रींत उघडायला गिट नकार देतं, तो नकार तुमच्या फायद्याचा आहे, जबरदस्ती करू नका.

इथले सापळे मात्र नीट समजून घ्या, कारण वर्कट्री फाइली वेगळ्या करते, बाकी काही वेगळं करत नाही.

डॉट ईएनव्ही, म्हणजे सेटिंग आणि पासवर्डची फाइल, येत नाही. गिटमध्ये जे नाही ते नव्या फोल्डरमध्ये नाही. नोड मॉड्यूल्सही (बसवलेली पॅकेजं) नाहीत. एजंटला सेटिंग सापडली नाही की तो स्वतःच्या मनाने नवी बनवतो. वर्कट्री उघडणारी छोटी स्क्रिप्ट लिहा: फोल्डर काढ, नमुना सेटिंग कॉपी कर, पॅकेज बसव.

पोर्ट. हा सापळा फसवा आहे. वीट (Vite) हे वेब स्क्रीन चालवून दाखवणारं साधन वापरत असाल तर ते ५१७३ पोर्ट अडलेलं दिसलं की गुपचूप ५१७४ वर जातं. दुसरा एजंट सवयीने ५१७३ उघडून बघतो. तिथे पहिल्याची स्क्रीन चालू असते. आपला बदल दिसत नाही म्हणून तो चांगला कोड मोडून परत लिहितो. प्रत्येक वर्कट्रीला पोर्ट ठरवून द्या आणि वीटच्या सेटिंगमध्ये 'स्ट्रिक्ट पोर्ट' चालू करा, म्हणजे पोर्ट अडलेलं असेल तर ते सरळ थांबेल.

डेटाबेस. फोल्डर चार, पण पोस्टग्रेस एकच आणि त्यातला डेटाबेसही एकच, असं असेल तर एकाची टेस्ट दुसऱ्याचा डेटा पुसते. वर्कट्रीगणिक वेगळ्या नावाचा डेटाबेस ठेवा.

मायग्रेशन. जँगोत (पायथनची वेब फ्रेमवर्क) दोन एजंटांनी एकाच वेळी टेबल बदललं तर दोघंही एकाच क्रमांकाची, समजा ००१४, फाइल बनवतात. मर्ज केल्यावर जँगो 'दोन टोकं आहेत' म्हणून अडून बसतं आणि मर्जची कमांड सुचवतं. ती कमांड टोकं जोडते. दोघांनी एकाच कॉलमचे दोन वेगळे अर्थ धरले असतील तर ते तिला कळत नाही. आमचा नियम: मायग्रेशन एकाच हातून. टेबलात बदल हवा असेल तर एजंटने प्रश्न.एमडीमध्ये मागणी लिहायची, मी बदल करून मेनमध्ये घालतो, मग सगळ्यांनी तो आपल्या ब्रांचमध्ये घ्यायचा. लॉकफाइल आणि नवं पॅकेज यांनाही हाच नियम.

## ६. दोनपासून सुरुवात

पहिल्या दिवशी दोन. एक लिहिणारा, एक तपासणारा. तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं संभाषण दाखवू नका. करार, चिठ्ठी आणि डिफ एवढंच द्या. लिहिणाऱ्याची कारणमीमांसा वाचली की तपासणारा तिच्या प्रेमात पडतो आणि 'उत्तम काम' म्हणून मोकळा होतो. शक्य असेल तर तपासणीला दुसऱ्या कंपनीचं मॉडेल घ्या. दोघांच्या चुका सारख्या पडायची शक्यता तेवढीच कमी.

हे बसलं की दोन लिहिणारे करा. तीन-चारवर तेव्हाच जा, जेव्हा तुमच्या मर्जच्या रांगेत संध्याकाळी काही पडून राहत नाही. कारण शेवटी सगळा कोड एकाच माणसाच्या डोळ्यांखालून जायचा असतो. चारही बाजूंनी गाड्या सोडल्या की नाशकातल्या द्वारका चौकात जे होतं, तेच तुमच्या रिव्ह्यूचं होतं.

एक मुख्य एजंट बसवायचा, त्याने कामं पाडायची, हाताखालच्यांना वाटायची आणि निकाल गोळा करायचा, अशीही पद्धत आहे, आणि आता बऱ्याच साधनांत तयार मिळते. शोधाशोधीच्या कामाला ती छान: 'या रेपोत वजन कुठे कुठे वापरलंय ते चौघांनी मिळून शोधा.' लिहिण्याच्या कामाला नव्या माणसाने ती घेऊ नये असं माझं मत. वाटणीचा निर्णय तुमच्या हातून गेला की चूक कुठल्या थरात झाली हे शोधणं फार कठीण होतं.

## ७. परवानग्या

थोडक्यात सांगतो, पण हलक्यात घेऊ नका.

खऱ्या सर्व्हरचा पासवर्ड एजंट चालतो त्या मशीनवर नसावा. 'वापरू नको' असं लिहून ठेवणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. दर कमांडला 'हो' म्हणायचा कंटाळा येतो आणि मग लोक सगळ्या परवानग्या एकदम उघडणारा पर्याय लावतात. लावायचाच असेल तर कंटेनरच्या, म्हणजे बाकी मशीनपासून तोडलेल्या बंद पेटीच्या, आत, इंटरनेट मोजकंच उघडं ठेवून. फोर्स पुश आणि डेटाबेस पुसणाऱ्या कमांडी सरसकट बंद.

एजंटने सुचवलेलं पॅकेज बसवण्याआधी ते खरोखर आहे का, किती जुनं आहे, कोण सांभाळतं, हे बघा. मॉडेल कधी कधी अस्तित्वात नसलेली नावं सुचवतात आणि नेमक्या त्याच नावांनी घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत. तसंच, एजंट बाहेरचं वेबपान किंवा क्लायंटने पाठवलेली फाइल वाचतो तेव्हा तिच्यात दडवलेली सूचना तो तुमचीच समजून पाळू शकतो. बाहेरचं वाचणारा एजंट आणि पुश करू शकणारा एजंट एकच नको.

## ८. मर्ज: एकावेळी एक

दुपारी जेवणाआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अशी मर्जची वेळ ठेवा. सगळ्यात कमी बाण असलेलं काम आधी. एक ब्रांच मेनमध्ये गेली की बाकीच्या सगळ्यांनी मेन आपल्यात घ्यायचं, टेस्ट चालवायच्या, मगच दुसरी. तीन ब्रांच एकदम मर्ज करून मग टेस्ट चालवल्या तर लाल कोणामुळे झालं ते कळत नाही.

डिफ वाचताना आधी टेस्टच्या फाइली वाचा. एजंटला 'टेस्ट हिरव्या कर' सांगितलं की त्याच्यापुढे दोन वाटा असतात: कोड सुधारणं किंवा टेस्ट सैल करणं. दुसरी सोपी. टेस्ट 'स्किप' केलेली आहे का, ४३,२९० च्या जागी 'शून्यापेक्षा मोठं' अशी अट आली आहे का, खऱ्या गणनेच्या जागी नकली उत्तर बसवलं आहे का, हे बघा. चिठ्ठीत न सांगता जुनी टेस्ट बदलली असेल तर ती ब्रांच न वाचता परत पाठवा.

पाचशे ओळींहून मोठं डिफ आलं तर मी ते वाचतच नाही, तुकडे करून आण म्हणतो. एजंट दमत नाही, मी दमतो.

कॉन्फ्लिक्ट सोडवायला एजंट चालतो, पण दोन्ही चिठ्ठ्या त्याच्यासमोर ठेवा. नुसता कोड दिला तर तो दोन्ही बाजूंचं थोडं थोडं ठेवून तडजोड करतो, आणि तडजोडीचा कोड बहुतेक वेळा दोन्हीकडून चुकीचा असतो.

## ९. सत्र लांबलं की एजंट विसरतो

एजंटची स्मरणाची जागा मर्यादित असते. भरत आली की जुनं संभाषण आटवून सारांश केला जातो आणि सकाळी घातलेली अट त्या सारांशात राहीलच असं नाही. लक्षणं ओळखता येतात: आधी दुरुस्त केलेलं परत मोडतो, असलेलं फंक्शन नव्याने लिहितो, करारातलं नाव बदलून वापरतो. असं दिसलं की वाद घालू नका. सत्र बंद करा, नवं उघडा.

ते शक्य व्हावं म्हणून प्रत्येक वर्कट्रीत प्रगती.एमडी ठेवा. काय झालं, काय उरलं, कुठला प्रयोग फसला. एजंटनेच प्रत्येक कमिटआधी ती भरायची. वीज गेली, नेट गेलं, मशीन अडकलं, तरी नवा एजंट ही फाइल वाचून पाच मिनिटांत कामाला लागतो. कमिटही लहान आणि वारंवार करायला लावा. न केलेला कमिट वाचवता येत नाही.

## १०. खळ्यावर ताळा

खळ्यावरच्या एखाद्या जुन्या दिवसाच्या हाताने लिहिलेल्या पट्ट्या मागून घ्या. शेतकऱ्यांची नावं, गावं, मोबाइल काढून टाका. नुसतं वजन, भाव, वजावटी आणि अंतिम रक्कम ठेवा. हाच चौथ्या पायरीतला नमुना फोल्डर. तो एजंटकडून बनवून घेऊ नका, स्वतः टाइप करा. एजंटच्या कोडला एजंटचाच नमुना लावला की किलो-क्विंटलसारखी गोष्ट कधीच उघडी पडत नाही.

एक-दोन रुपयांचा फरक आला तर पूर्ण रुपयात आणण्याची पायरी तपासा, बहुधा ती दोनदा झालेली असते. फरक सगळ्या पट्ट्यांत सारख्या टक्क्याने असेल तर कुठलीतरी वजावट जास्तीची लागते आहे. एखाद्याच पट्टीत मोठा फरक असेल तर कोडकडे जाण्याआधी मुनीमजींना विचारा. त्या दिवशी माल नासका निघाला असेल आणि भाव खळ्यावर आल्यावर तुटला असेल. तो नियम करारात नव्हता, आता घालायचा.

हातची वही बंद करून सॉफ्टवेअर सुरू करायला आवक जोरात असलेले दिवस टाळा. दिवाळीत लिलाव काही दिवस बंद असतात, तेव्हा बसवा. बाजार उघडल्यावर पहिले काही दिवस वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालू ठेवायला शेठना आधीच कबूल करून घ्या, आणि त्या दिवसांत एकाही एजंटला पट्टीच्या फोल्डरला हात लावू देऊ नका.